अण्णा, माझे वीस शेअर

अण्णा, दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला आणि मला तुझा भयंकर राग आला.

भटजी पिंड ठेवून मागे सरतात न सरतात तोच तो आला, शितं विस्कटली आणि उडून गेला. नदीकाठी निम्मा गाव हात जोडून तयार उभा होता. अण्णांचा जीव मोटार कंपनीत अडकलाय, कावळा काही लवकर शिवायचा नाही, मग आपण पुढे होऊन ‘कंपनी परत आणू, काळजी करू नका’ असं म्हणायचं, हे पुरुषमाणसांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. मीही बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहून मनात एक वाक्य घोकत होते. गेली तीन वर्षं घोकतेय. ‘अण्णा, तू दिलेले वीस शेअर मी विकले.’ कावळा जरा थांबला असता तर सगळ्यांदेखत बोलून मोकळी झाले असते. तेवढी सवडसुद्धा तू दिली नाहीस.

तुला हे माहीत होतं की नव्हतं, एवढंच मला कळायला हवं होतं. तू आजारी पडलास तेव्हा मी आठ दिवस तुझ्या उशाशी होते. पेज भरवली, पाय चेपले, आणि रोज उद्या विचारीन म्हणाले. नवव्या दिवशी तू गेलास.

बेळगावच्या त्या कंपनीनं हार पाठवला होता, बघितलास का? निशिगंधाचा, जाडजूड, चिठ्ठी लावलेला. ज्यांनी तुला तुझ्याच ऑफिसातून उठवलं त्यांचा हार, आणि आपल्या माणसांनी तो कौतुकानं तुझ्या फोटोला घातला. मी तो काढला आणि गोठ्यात नेऊन म्हशीपुढं टाकला. वैनी दारात उभी राहून बघत होती. म्हशीनं चिठ्ठीसकट खाल्ला.

कंपनी कशी झाली ते या लोकांना आठवतं तरी का? निपाणी-चिकोडी रस्त्यावर सात मालकांच्या सात मोटारी होत्या आणि सातही जण एकमेकांना पाण्यात बघायचे. एकाची गाडी फाट्यावर उभी राहिली की मागून दुसऱ्याची यायची. हा त्याची माणसं ओढणार, तो याची. एकदा तर एका म्हातारीचं बोचकं एका गाडीत आणि म्हातारी दुसऱ्या गाडीत चिकोडीला पोचली होती. तू त्या सातही जणांना आपल्या ओसरीवर बोलावलंस आणि संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाहीस. ज्यानं त्यानं मोटार कंपनीला द्यायची आणि तिच्या किमतीचे शेअर घ्यायचे. कमी पडेल ते गावोगावच्या लोकांकडून दहा रुपयाला एक शेअर देऊन उभं करायचं. तंबाखूवाले आले, गूळवाले आले, शाळामास्तर आले, दोन न्हाव्यांनी मिळून एक शेअर घेतला. तू चेअरमन झालास. मोटारीच्या दारावर कंपनीचं नाव रंगवून झालं त्या दिवशी तू आठ वेळा फाट्यावर जाऊन ते वाचून आलास, आणि मी तुला हसले होते.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ओवाळणीत तू लुगडं घातलं नाहीस. एक घडी घातलेला कागद टाकलास. मी म्हटलं, “ह्ये काय रं अण्णा, कोर्टाची नोटीस घालायलास व्हय ताटात?”

तू म्हणालास, “शेतात भनीला वाटा न्हाय. कायदाच तसा हाय, मी काय करू? पर कंपनीत असतोय. वीस शेअर हाईत तुझ्या नावानं. वाच की.”

मी वाचलं. चौथीपर्यंतची शाळा त्या दिवशी कामाला आली. माझं नाव, नवऱ्याच्या नावासकट, छापील कागदावर शाईनं लिहिलेलं. त्याआधी माझं नाव कुठल्याच कागदावर कधी आलं नव्हतं. मला रडू आलं आणि तुला ते बघून भलताच आनंद झाला. आणि मग, मी डोळे पुसायच्या आत तू म्हणालास, “इकायचं मातर न्हाय हां चंद्रे.”

तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. पुढे खटकलं. खूप खटकलं. माझं आहे म्हणतोस आणि विकू नको म्हणतोस, मग ते माझं कसं? देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहायला दिलं होतंस का? वाहत होते म्हणा मी. दर लक्ष्मीपूजनाला.

लढाईच्या दिवसांत तो एजंट फिरायला लागला. पांढरा कोट, सायकल, गोड बोलणं. दहाच्या कागदाला अठरा देतो म्हणायचा. आपली माणसं काय खूश झाली! चावडीवर हसत होती. कागद दिला आन् पैसं आनलं, मोटार तर हितंच हाय की! बेळगावचा शहाणा आला आणि आपण त्याला चांगला बनवला, असं ज्याला त्याला वाटलं. प्रत्येक जण म्हणायचा, माझे पाच तर आहेत, माझ्या पाचानं काय होतंय? कोणी शेजाऱ्याला सांगितलं नाही, आणि शेजाऱ्यानंही याला सांगितलं नाही. गुंडूनं पाच विकले आणि घरावर कौलं घातली. गावातली पहिली तांबडी कौलं, लोक बघायला गेले होते.

मी वीस विकले आणि सुशीलेला बेळगावला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलं. सासरचे म्हणत होते, पोरगी शिकून काय कलेक्टर होणार आहे? यांनी मान खाली घातली. तुझ्याकडे मागितले असते तर तू दिले असतेस, हे मला माहीत होतं. पण मला मागायचं नव्हतं, अण्णा. आयुष्यात एकदा तरी कुणापुढं पदर न पसरता मला माझ्या पोरीसाठी काही करायचं होतं. एजंटानं दाखवलं तिथं सही केली. अंगठा नव्हे, सही.

महिन्याभरात सुशीलेचं पत्र आलं. तिच्या कुणी मास्तरांनी वर्गात कंपनी म्हणजे काय ते शिकवलं होतं. तिनं लिहिलं, आई, मोटारी चालवायचं सरकारी परमिट विकता येत नाही, पण ज्या कंपनीच्या नावावर परमिट आहे ती कंपनीच शेअर घेऊन ताब्यात घेता येते, आणि बेळगावात सगळे म्हणतात की इथली मोठी मोटार कंपनी तेच करतेय, मामांना सांग. ते पत्र मी कमरेला खोचलं. तशीच उठले आणि तुझ्याकडे आले.

आपलं ते भांडण आठवतंय ना? ते अर्धवटच राहिलं. तू मळ्यात होतास, विहिरीवर मोट चालू होती. मी म्हटलं, “अण्णा, लोकं शेअर इकायलीत. बेळगावची कंपनी घ्यायलीय.”

“घेऊं दे की. नावं बदलत्यात, कंपनी कशी बदलंल? मोटारी काय कागदात गुंडाळून न्हेणार हाय काय त्यो?”

“अरं, ह्या हिरीला चार घरच्या पाळ्या हाईत न्हवं? उद्या एकानंच तिघांच्या पाळ्या इकत घेतल्या तर? हीर हितंच ऱ्हाईल. दगूड बी हलायचा न्हाय. पर पानी कुनाच्या उसाला जाईल?”

तू मोटेच्या बैलाला थोपटत थांबलास. मला वाटलं, डोक्यात शिरलं. मग तू हसलास. “पाळी कुनी इकतंय व्हय गं? तुला कुनी सांगितलं ह्ये? सुशीनं? पोर शिकाया लागली न्हाय तंवर मामाला शिकवाया लागली.”

“कंपनीच्या वकिलानं बी तुला सांगितलंय म्हनं. शेअर दुसऱ्याच्या नावावर कराया डायरेक्टरला न्हाय म्हनाया येतंय, त्या कागदावर सही करू नगंस.”

“माझी मानसं हाईत ती. मी हात वर करा म्हनलं की शंभर हात वर येत्यात. त्येचा एकच हात. काय करनार त्यो?” असं म्हणून तू बैल हाकललेस आणि मला म्हणालास, “जा, वैनीकडं च्या पी जा.”

च्या पी जा! मी तिथंच सांगायला हवं होतं की अण्णा, विकणाऱ्यांत मीही आहे. नाही सांगितलं. चोरानंच चोर चोर म्हणून ओरडावं तशी मी तुझ्यापुढं उभी होते, आणि तुला पटत नाही म्हणून वर तुझ्यावरच चिडले होते. पण तुझंही चुकलं. तुझा विश्वास हातांवर होता. आपल्या कंपनीत दर वर्षी तंबाखूच्या वखारीत सभा भरायची, तंबाखूच्या खकाण्यानं सगळे शिंकत बसायचे, चिरमुरे आणि चहा व्हायचा आणि ठराव आला की हात वर. सातशे शेअरवाल्याचा एक हात, एका शेअरवाल्याचा एक हात. अर्ध्या अर्ध्या शेअरवाले ते दोघे न्हावीसुद्धा एकेक हात वर करायचे आणि तू दोन्ही मोजायचास. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. ते ऑफिसच्या कपाटात, छत्रीच्या बाजूला.

त्या वर्षीच्या सभेला बेळगावहून त्यांचा मॅनेजर एकटाच आला. आधी निरनिराळ्या नावांनी घेतलेले सगळे शेअर तोवर त्यांच्या कंपनीच्या नावावर झाले होते, आणि त्या प्रत्येक कागदावर तुझीच मंजुरीची सही होती. तो पुढच्या बाकावर बसला, रुमालात शिंकला आणि ठराव मांडला, की जुने डायरेक्टर काढून नवे नेमावेत. तू हसून विचारलंस, कोण कोण बाजूनं? त्याचा एक हात वर आला. विरुद्ध? विकणाऱ्यांसकट सगळ्या वखारीचे हात वर आले. लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणी तरी चिरमुऱ्याचं ताट फिरवायला सुरुवातही केली.

मॅनेजर उभा राहिला आणि मराठीत, अगदी नम्रपणे म्हणाला, “हात नकोत. नियमाप्रमाणे शेअर मोजून मतं घ्या. आमच्या कंपनीचे शेअर निम्म्याहून जास्त आहेत.”

कारकून भीमरावांनी कपाटातून पुस्तक काढलं, कलम वाचलं, रजिस्टर मोजलं. दीडशे माणसं एका बाजूला आणि एक हात दुसऱ्या बाजूला, आणि जिंकला तो हात. तोही माणसाचा हात नव्हता, अण्णा. मॅनेजर पगारी नोकर, त्याचं स्वतःचं काय होतं तिथं? एका कंपनीचा हात दुसऱ्या कंपनीच्या मानेवर पडला होता आणि तिथं उभा राहून त्याला जाब विचारावा असं माणूसच समोर नव्हतं. मला अजून त्याची चीड येते. ज्यांनी आपली मोटार कंपनी घेतली त्यांनी आपला एक टायरसुद्धा विकत घेतला नाही.

मग तू ते केलंस. भीमरावांच्या टेबलाशी गेलास, ते रजिस्टरात बोट ठेवत गेले आणि तू विकणाऱ्यांची नावं वाचत गेलास. मोठ्यानं. “गुंडू. उभा ऱ्हा. किती इकलंस?” “पाच, अण्णा.” “मास्तर, उभं ऱ्हावा.” एकेक जण उठला. कुणी छताकडे बघत होतं, कुणी पायाकडे. मी बायकांच्या बाजूला भिंतीशी बसले होते, पदर घट्ट धरून. गुडघे उचलायच्या तयारीत. माझं नाव येणार हे मला ठाऊक होतं. आलं नाही. तू रजिस्टर मिटलंस आणि आमच्या बाजूला नजरसुद्धा न टाकता बाहेर पडलास.

मी सुटले, असं तुला वाटत असेल तर चूक आहे. घरी येईपर्यंत माझ्या अंगाची आग झाली. मला वाटलं, बायकांची नावं तुझ्या लेखी नावंच नव्हती. वाटा द्यायला बहीण, पण दगा द्यायच्या लायकीचीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, तुला माहीतच नाही, माझा कागद इतर कागदांच्या ढिगात गेला असेल, तू न बघता सही केली असशील. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं वाटलं. तीन वर्षं मी या दोन्हींच्या मध्ये लोंबकळत होते.

पुढं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. त्यांना परमिटं हवी होती, ती मिळाली. गाड्या बेळगावच्या मोठ्या रस्त्याला लावल्या. आपल्या फाट्यावर थांबायचं बंद झालं. बाळंतीण असो की बाजारची बाई, निपाणीपर्यंत पायी नाही तर बैलगाडी. मोटारीच्या दारावर अजून आपल्याच कंपनीचं नाव आहे, कारण परमिट त्या नावाचं आहे. तू मात्र सहा महिने रोज ऑफिसला जात राहिलास. “कंपनी कुठं गेली? हितंच हाय की,” म्हणायचास. त्यांनी तुझी खुर्ची आधी कोपऱ्यात सरकवली, मग बाहेर व्हरांड्यात आणली, तरी तू जातच होतास. मला लाज वाटायची आणि त्या लोकांना फाडून खावंसं वाटायचं. आणि तुलाही दोन शब्द सुनवावेसे वाटायचे, की बाबा, आता तरी समजून घे, कंपनी इथंच आहे आणि आपली नाही, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि गुंडू. त्याला गावानं ‘कंपनीइक्या’ नाव ठेवलं. मास्तरांची बदली झाली, बाकीचे मोठ्या घरचे, त्यांना कोण बोलणार? सगळं पाच शेअरवाल्या गुंडूवर आलं. त्याच्या कौलांवर पोरं दगड मारायची. त्याची बायको पाणवठ्यावर आली की बायका गप्प व्हायच्या, आणि त्या गप्प होणाऱ्या बायकांत मी होते, अण्णा. माहेरी आले की मीही घागर बाजूला घ्यायचे. वीस शेअरवाली.

आज बाराव्याचं जेवण उरकल्यावर भीमराव आले. उद्या वखारीत तुझी शोकसभा आहे, बहिणीनं दोन शब्द बोलावेत असं सांगायला. मी त्यांना चहा दिला आणि विचारूनच टाकलं, “भीमराव, खरं सांगा. माझ्या शेअरचं अण्णाला ठाव होतं?”

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “आक्का, तुमचा कागद आलता तवा मी येगळा काढून त्यास्नी दावलता. वकील बी हुते तितं. म्हनले, नामंजूर करा, घरचीच बाई हाय, कोन इचारनार हाय? अण्णा म्हनलं, ‘तिला दिल्यालं हाय. तिचं हाय.’ आन् सही केली.”

“आन् सभेत?”

“सभेत मी तुमच्या नावावर बोट ठेवलतं. अण्णांनी पान उलटलं.”

भीमराव गेले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. तुझ्यासाठी इतकी रडले नव्हते, अगदी नेतानासुद्धा. तू मला दिलंस ते खरंच दिलं होतंस. ‘इकायचं न्हाय हां’ हे तुझं नुसतं बोलणं होतं. माझी सही तू मानलीस. तीन वर्षं मी आले की तू ‘सुशीची शाळा काय म्हनतीया?’ म्हणून विचारायचास, ती नोकरीला लागली तेव्हा गावात पेढे वाटलेस, आणि ती कशावर शिकली ते तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या जन्मात मला एवढं कुणी दिलं नाही.

आणि तरी मी तुझ्यावर चिडलेच आहे. गुंडूचे पाच त्याचे नव्हते का रे? त्यानं घरावर कौलं घातली, मी पोरीला शिकवलं. त्याच्या नावाला तू आवाज चढवलास आणि माझ्या नावाला पान उलटलंस. तो उन्हात उभा राहिला आणि मी तुझ्या सावलीत बसले, मला न विचारता. मला वाचवलंस असं तुला वाटलं असेल. तू मला त्या पाणवठ्यावर गप्प राहणाऱ्या बायकांत नेऊन बसवलंस. एकदा घरी बोलावून, दार लावून, ‘चंद्रे, असं का केलंस?’ म्हणून ओरडला असतास तर मीही ओरडले असते, सुशीलेचं सांगितलं असतं, दोन महिने बोललो नसतो, आणि मग कुठल्या तरी सणाला तू गूळ घेऊन आला असतास. आपली सगळी भांडणं तशीच मिटली आहेत. हे एक तू एकट्यानंच मिटवून टाकलंस.

उद्या सकाळी मी आधी गुंडूच्या घरी जाणार आहे. त्याला सभेचं बोलावणं नाही, मी चौकशी केली. त्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन वखारीत येईन आणि तिला माझ्याशेजारी बसवीन. तुझ्या गुणांबद्दल बाकीचे बोलतील, त्यांना तेवढंच येतं. मला उभं करतील तेव्हा मी तू गाळलेलं नाव वाचणार आहे. मोठ्यानं, नवऱ्याच्या नावासकट, रजिस्टरात होतं तसं. आणि पुढं, वीस शेअर.

तुला हे आवडायचं नाही, मला माहीत आहे. रागाव. जिवंतपणी तुला जमलं नाही, आता तरी माझ्यावर एकदा रागाव.